वाकडा टाका
त्र्याण्णवच्या दंगलीत घरं जळालेल्या बायका घणसोली गावात भाड्याच्या एका खोलीत जरीकाम करायच्या, आणि शेजारची क्रांती त्यांच्यात बसून ते शिकायची. शिकवायची करिमुन्निसाचाची. उजवा हात आगीत भाजल्यामुळे तिला सुई धरता येत नव्हती, पण नजर पक्की होती. टाका जरासा तिरका गेला तरी म्हणायची, "उसव. पुन्हा घाल." त्याच दंगलीच्या पळापळीत तिचा मुलगा शादाब हरवला होता. तिचा भाऊ अहमद दर रविवारी मुंबईत जाऊन इस्पितळं आणि पोलीस चौक्या पालथ्या घालायचा. दिवाळीच्या सुमाराला लग्नाच्या ओढण्यांचं काम जोरात असताना तो एकदा दारातच उभा राहिला. "आपा, आता मी नाही जाणार. कुठं शोधायचं राहिलंय, तूच सांग." सगळ्यांचे हात थांबले. चाची एवढंच म्हणाली, "बरं. नको जाऊस." मग ती येऊन क्रांतीशेजारी बसली. ती रडेल, निदान भावावर ओरडेल, म्हणून बायका वाट बघत राहिल्या. ती नुसतीच बसून होती. क्रांतीला ते सोसेना. तिने लाल ओढणीवरच्या फुलात मुद्दाम एक वाकडा टाका घातला आणि म्हणाली, "चाची, हे बघ ना जरा." चाचीने वाकून पाहिलं, टाक्यावरून भाजलेलं बोट फिरवलं. "चांगलं झालंय," ती म्हणाली. क्रांतीने घाबरून त्याच्याशेजारी आणखी एक घातला, त्याहून वाकडा. चाचीने त्यालाही मान डोलावली.