सात नंबरची जीप

अलॉय चाकाला वेल्डिंगची आच सोसत नाही, हे वेल्डरला ठाऊक होतं. तरी धाकट्या भावाच्या हट्टापुढे त्याने त्याच्या जीपची पाचही चाकं बीडलॉक करून दिली. रिमला जाड कडं वेल्ड केलं आणि टायर रिमवरून निसटू नये म्हणून तो कड्याला बोल्टांनी आवळून टाकला. चार चाकांवर जीप डोंगरातल्या शर्यतीला गेली. आज सकाळी वर्कशॉपमध्ये उरलेलं पाचवं चाक बाकावरून पडलं आणि कडं रिमपासून सुटून हातात आलं.

भावाचा फोन बंद होता. वेल्डरने शर्यतीच्या कार्यालयात फोन लावला.

"सात नंबरची जीप सोडू नका! चाकं फुटतील."

"तपासणीत पास झालीय ती."

"वरून दिसायचं नाही ते. मीच केलीत ती चाकं. पाया पडतो तुमच्या, थांबवा त्याला."

"तुम्ही त्यांचे दादा का?"

"हो, हो! थोरला भाऊ."

पलीकडचा माणूस मोकळेपणाने हसला.

"मग काळजी सोडा. त्यांनी सांगूनच ठेवलंय, 'मला थांबवायला दादाचा फोन येईल. गेल्या वर्षी त्याने ब्रेकचं निमित्त केलं, त्याआधी स्टिअरिंगचं. या वेळी चाकांचं करेल.'"