आडवा ओंडका

"ओंडका खरा आहे गं," नवरा म्हणाला. "फाटकात आडवा पडलाय, मी डोळ्यांनी बघून आलो. म्हणजे आत बाळंतीण आहे."

"ओंडका खरा असेल. बाळंतीण खोटी," मोथुसीची आई म्हणाली, आणि शेणामातीचा गोळा तिने अंगणाच्या भिंतीवर असा थापला, जणू ती भिंत म्हणजे समोरच्या दिनेओच्या आईचा गालच.

नाताळ चार दिवसांवर आला होता. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो; उन्हामुळे कोंबड्यांनी चोची उघड्या टाकल्या होत्या. शहरातली पोरं सुट्टीला गावी आली होती आणि मोशुपा गावाच्या त्या वाडीत घरोघरी सारवण चाललं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी मुखियाची आत्या दारोदार फिरून सगळ्यांत सुंदर अंगण निवडायची, आणि नाताळचं जेवण त्याच अंगणात व्हायचं. बारा वर्षं ते मोथुसीच्या आईच्या अंगणात होत होतं. मेल्यावर काय व्हायचं ते होवो, जिवंतपणी ते दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आणि दोन आठवड्यांपूर्वी समोर ओंडका पडला. तो पडला की तीन महिने कुणी आत पाऊल टाकायचं नाही. बाळाच्या आईची आई आणि बापाची आई, एवढ्या दोघींनाच ओलांडायची मुभा.

"बरी सोय आहे," ती म्हणाली. "आत बसून निवांत भिंतीवर नक्षी काढायची, कुणी डोकवायचं नाही. आत्या येतील त्या दिवशी बघा, ओंडका अलगद उचलेल आणि म्हणेल, या हो, माझं अंगण बघा. तिची दिनेओ वर्षभर शहरात. आली ती चादर गुंडाळून थेट घरात. पोट कुणी पाहिलं?"

"पोट काय दाखवत फिरतात?"

"तुम्ही छपराचं गवत शाकारा. बायकांच्या गोष्टी बायकांना कळतात."

एवढ्यात मोथुसी धरणावरून आला. बत्तीस वर्षांचा, शहरात गाडी चालवणारा, सुट्टीला घरी आलेला मुलगा. सगळ्यांनी मिळून धरणावर जाऊ म्हटलं तर नको म्हणायचा, आणि रोज एकटाच गळ घेऊन जायचा.

"आई, एक सांगायचंय."

"मासे मिळाले?"

"नाही."

"मग गप्प बस. दहा दिवस झाले, एक मासा नाही. गळाला लावायला म्हणून माझं ज्वारीचं पीठ मात्र डबाभर नेतोस. मासे आहेत का जावई? त्यात कोल्ह्याने दोन कोंबड्या नेल्या, त्याही चांगल्या पोसलेल्या. घरात पुरुष दोन, आणि राखण शून्य."

नवरा खोकला. मोथुसी रांजणाजवळ जाऊन नखांतली पांढरी माती बराच वेळ धूत राहिला.

"एवढी माती कुठली रे?"

"धरणाच्या काठची."

"धरणाला काठ आहे म्हणजे. पाणी तेवढं दिसलं नाही वाटतं तुला."

दुसऱ्या दिवशी ती उलटं घमेलं ठेवून त्यावर चढली आणि शेराच्या कुंपणावरून तिने समोर बघितलं. भिंतीचा वरचा वीतभर भाग दिसला. राखाडी मातीवर पांढरे ठिपके, गिनी कोंबडीच्या पंखावर असतात तसे, दोन मोठे, एक बारीक.

ती घमेल्यावरून पडता पडता राहिली. ती नक्षी तिची होती. तिच्या आईने तिला दिलेली. तिने कुणालाच शिकवली नव्हती. ती काढताना तिच्याजवळ कुणी उभंसुद्धा राहायचं नाही. लहानपणी मोथुसी मातीचं वाडगं धरून उभा असायचा, तेवढाच.

"चोरटी!" तिचा आवाज वाडीभर गेला.

"आई, ऐक ना," मोथुसी म्हणाला. "संध्याकाळी मामांना बोलावू या. मला त्यांच्यासमोर..."

"मामांना कशाला? चोर पकडायला मी एकटी पुरे."

नाताळच्या आदल्या दिवशी मुखियाची आत्या काठी टेकत आली. मागे वाडीतल्या बायका. मोथुसीच्या आईने स्वतःचं अंगण दाखवायचं सोडून तिचा हात धरला आणि तिला थेट समोरच्या फाटकाशी नेलं. मोथुसी मागून "आई, आई" करत आला. तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"आत्याबाई, हा ओंडका उचलायला लावा. आत बाळ नाही, भिंत आहे. माझी नक्षी चोरून काढलेली भिंत!"

"अगं, ओंडक्याबद्दल असं बोलू नये," आत्या दचकून म्हणाली.

"बोलणार! सगळ्यांसमोर बोलते. आत बाळ निघालं, तर नाताळचं जेवण या अंगणात. पाणी मी भरीन, चूल मी पेटवीन, आणि मरेपर्यंत हिचं अंगण मी सारवीन!"

बायकांमध्ये कुजबुज झाली. मोथुसीने डोक्याला हात लावला.

दिनेओची आई कमरेच्या फडक्याला हात पुशीत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, हीच गोष्ट मोथुसीच्या आईला खटकली.

तेवढ्यात आतून रडणं आलं. बारीक, चिरकं, भुकेलं. भिंती काही असं रडत नाहीत.

मोथुसीच्या आईने धरलेला आत्याचा हात सोडला.

"आवाज दमदार आहे हो," आत्या म्हणाली आणि सवयीने पुढे झाली.

"आत्याबाई, तुम्ही बाहेरच थांबा," दिनेओची आई म्हणाली. "बाकीच्यांनीही. रिवाज आहे."

मग तिने ओंडक्यावरून हात पुढे केला.

"तू ये गं, मोथुसीची आई. तुला चालतं."