कवचाची छिद्रे

रंगुबाईने पातेल्यातल्या कोमट पाण्यात नऊ अंडी एकेक करून सोडली आणि हर्षलला हाताने गप्प राहण्याची खूण केली.

बर्ड फ्लूच्या बंदोबस्तासाठी आलेला हा तरुण पशुवैद्य पांढऱ्या पोशाखात घामाने निथळत होता. खर्ड्याजवळच्या या वस्तीवरील साऱ्या कोंबड्या सकाळीच खड्ड्यात गेल्या होत्या. रंगुबाईची खुडूक कोंबडीही त्यांत होती. तिच्याखालची अंडी तेवढी म्हातारीने जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली होती. पण नष्ट करण्याचा सरकारी आदेश अंड्यांनाही लागू होता.

पाणी स्थिर झाले. मग एक अंडे आपोआप डुलले. पाठोपाठ दुसरे.

"हालतंय का न्हाई?" रंगुबाईचा चेहरा उजळला. "रोगी पिल्लू आसं नाचतंय व्हय? आज इसावा दिस हाय, सायेब. उद्या फुटत्याल. येकच दिस थांबा."

"मावशी, जिवंत आहेत हे मला मान्य आहे. पण रोग नाही, हे त्यावरून ठरत नाही."

"येवढं टनक कवच! त्यातनं तुमचा रोग शिरतोय? उंदीर हाय का त्यो?"

"कवचाला बारीक छिद्रं असतात. हजारो. पिल्लू त्यांतूनच श्वास घेतं."

"मंग ठिवलीच कशाला भोकं?"

"नसती, तर आतल्या आत गुदमरलं असतं."

"आन् हायेत, म्हनून तुमी मारनार."

हर्षलला वादात हरण्याची सवय नव्हती. तीस कोटी वर्षांमागे कुण्या सरपटत्या जीवाने आपले तळे कवचात बांधून घेतले आणि पाण्याकाठचा मुक्काम कायमचा सोडला, हे त्याने परीक्षेत पानभर लिहिले होते. गुणही पूर्ण मिळाले होते. छिद्रांचा उल्लेख त्यात एका ओळीत आटोपला होता.

पातेल्यातून बारीक चिवचिव आली. दोघांनीही ती ऐकली.

त्याने नष्ट करायच्या मालाची पिवळी पिशवी उघडली आणि हातमोजा घातलेला हात पाण्याकडे नेला.

"थांबा."

ती अंडी हिसकावून घेईल, असे त्याला वाटले. रंगुबाईने एक अंडे पाण्यातून काढले, पदराने सावकाश, चहूबाजूंनी पुसले आणि स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवले. मग दुसरे काढले.

"वली ऱ्हायली तर गारठत्याल," ती म्हणाली.