खिरापतीचा वास

भोंडल्याचा नवा खेळ आजच ऑनलाइन सुरू झाला होता. केतकीने आवाजासोबत वासही पोचवणारा मुखवटा चढवला आणि गावोगावच्या परक्या बायकांच्या फेरात तिचा हात गुंफला गेला. इथे कोणीही हवा तो आवाज घ्यावा, नाव सांगू नये. नवऱ्याचा मार चुकवून पळून आलेल्या केतकीला तेवढंच हवं होतं.

गाणी झाली. तिने डब्याचं झाकण किलकिलं केलं आणि खिरापतीचा वास मुखवट्यामुखवट्यातून सगळ्यांच्या नाकाशी पोचला.

"ओळखा गं, ओळखा!"

"करंज्या!"

"छे, साटोऱ्या!"

मग एक कोवळा, परकरी पोरीचा आवाज म्हणाला, "खोबऱ्याच्या वड्या. वेलदोडा नाही, बडीशेप. आणि गूळ नेहमीसारखा करपवलाय."

करपलेल्या गुळावरून केतकीला आजवर एकाच माणसाने बोल लावले होते.

"सुकट वाळतेय कुठेतरी," कोवळा आवाज पुढे म्हणाला. "समुद्र जवळ आहे का गं?"

झाकण लावायला हवं होतं, पण बोटं वळेनात. बायकांना मात्र चेव आला.

"अय्या, मिठागराचाही वास येतोय!"

"आणि सुरूच्या बनाचा! अगं बायांनो, ही तर माझ्या माहेरची, नांदखोलची!"

फेरात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता पुढचा डबा कोणाचा? तुझा का गं पोरी?"

"माझा राहू दे," कोवळा आवाज लाडाने म्हणाला. "मी निघते आता. लांब जायचंय."