चुकून सुटलेला गोळा

गोळा धक्क्याच्या फळ्यांवर येऊन आदळला तेव्हा मेजर हॅरो यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेल्या गालावर साबण तसाच घेऊन ते तटावर धावले.

फोर्ट हॅलेट भर खाडीत होता. तिन्ही बाजूंनी शत्रूच्या तोफा, आणि शत्रू म्हणजे कालपर्यंतचे आपलेच. गुलाम ठेवायचा हक्क जाईल या धास्तीनं कॅरोलायना राज्यानं देशातून फुटून वेगळी चूल मांडली होती, आणि खाडीतला हा सरकारी किल्लाही त्याला हवा होता. वॉशिंग्टनचा हुकूम असा, की किल्ला सोडू नका आणि लढाईही सुरू करू नका. जेवायचं काय, याबद्दल हुकमात अवाक्षर नव्हतं. गेल्या आठवड्यापर्यंत वेढा घालणारेच बाजारातून कोबी आणि मटण धाडत होते. रीतीभातीची माणसं! आता तेही बंद झालं होतं. कोठीत खारवलेलं डुकराचं मांस तेवढं उरलं होतं आणि त्याचा वास कोठीत मावत नव्हता.

तोफेपाशी मल्कही नावाचा सार्जंट पेटती बत्ती घेऊन उभाच होता. आयरिश गडी, किती दिवस त्याचे हात शिवशिवत होते.

"साहेब, पहिला गोळा त्यांनी टाकला. आता तरी?"

"थांब."

"थांबायला थांबतो हो. पण पोरं मागे काय काय बोलतात तुम्हाला!"

"ऐकलंय मी. थांब."

मेजरांनी दुर्बीण लावली. शहरातल्या गच्च्यांवर बायाबापड्या छत्र्या उघडून, खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यातली एक गच्ची सासरेबुवांची. सासूबाई मांडीवर टोपली घेऊन काहीतरी खात होत्या. इथे नुसती बत्ती टेकवायची, की देशाचे दोन तुकडे होणार आणि हजारो पोरांचा जीव जाणार. नाही टेकवली तर हाताखालची माणसं आयुष्यभर भेकड म्हणणार. मेजरांना रडावंसं वाटलं, पण साबण डोळ्यात जाईल म्हणून त्यांनी आवरलं.

इतक्यात शहराकडून एक होडी निघाली. पुढे काठीला पांढरा रुमाल. वल्हवत होता कजो नावाचा गुलाम, आणि मागे ताठ बसले होते कॅप्टन गिलर्ड. हे एकेकाळी लष्करी शाळेत मेजरांच्याच हाताखाली तोफखाना शिकले होते.

मेजर खाली धक्क्यावर गेले. गिलर्डनी टोपी काढली.

"सर, माफी मागायला आलोय. आम्ही सकाळी सरावाला नुसती दारू भरतो. काल संध्याकाळी कुणीतरी गोळाही भरून ठेवला आणि सांगायचं विसरला."

"तुझ्याच तुकडीतला?"

गिलर्डनी मान डोलावली.

"वाटलंच. तोफ डागण्याआधी आत काय आहे ते बघावं, हे मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"हो सर. गव्हर्नरसाहेब फार रागावले. म्हणाले, लढाई अशी चुकून सुरू होता कामा नये. रीतसर सुरू झाली पाहिजे."

"रीतसर म्हणजे कशी?"

"तासभर आधी कळवू ना, सर."

तटावरून मल्कहीनं वाकून होडीतल्या कजोला विचारलं. बत्ती त्याच्या हातात अजून धुमसत होती.

"काय रे, तुला काय वाटतं? लागेल का लढाई?"

"ते मालकांना विचारा, साहेब. आम्हाला काय कळतंय," कजो म्हणाला. पण त्याची नजर बत्तीवर होती.

गिलर्डनी आवाज खाली आणला. "सर, किल्ला सोडा ना. मानानं जाऊ देऊ. वाटेत खायला भाजलेली कोंबडी देऊ."

कोंबडी म्हणताच मेजरांनी आवंढा गिळला. मागच्या दारातले चार शिपाई आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

"सोडणार नाही," मेजर म्हणाले. मग त्यांनी फुटलेली फळी पायानं बाजूला सारली. "आणि मल्कही, ती बत्ती विझव. माफी मागणाऱ्यावर तोफ डागत नाहीत."

मल्कहीनं चार शिव्या पुटपुटत बत्ती बादलीत बुडवली. चर्र आवाज झाला. गिलर्डनी रुमालानं कपाळ पुसलं. मेजरांनी गालावरचा वाळलेला साबण खरवडला आणि ते चक्क हसले. गुरुशिष्यांनी हात मिळवले.

कजो तेवढा विझलेल्या बत्तीकडे बघत बसला होता.

होडी परत निघाली. गिलर्ड शहराकडे तोंड करून बसले, आता न्याहारी वेळेवर मिळणार होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मात्र नेहमी उलट्या बाजूला. कजोच्या समोर किल्ला होता आणि तटावरची ती तोफ.

"अरे, हात चालव जरा. एवढा रेंगाळतोस कशाला?"

"वारा उलटा आहे, मालक," कजो म्हणाला.

किल्ल्यावरचा झेंडा काठीला चिकटून निपचित लोंबत होता.