चौथा कोपरा

"एकाच मेखेवर तंबू उभा राहत नाही, काका," मैते म्हणाली.

फुटलेल्या टायरमधून पक्कडीनं उपसून काढलेली मेख तिच्या तळहातावर होती. बोटभर लांबीची, गवताच्याच रंगाची. तासाभरापूर्वी उतरताना मैतेच्या विमानाचं डावं चाक त्या मेखेवरून गेलं होतं. विमान भेलकांडलं, गवत खरडत आडवं घसरलं आणि नदीच्या काठापासून दोन हातांवर थांबलं. मग युसेबिओकाकांनी खेचर जुंपून ते धावपट्टीबाहेर, पाइनच्या झाडांखाली ओढून नेलं.

"पट्टी मोकळी झाली ना? मग झालं तर!" काका म्हणाले. "आता लोर्ना तिचं विमान घेऊन येईल, वैरण उतरवेल आणि आपल्याला घेऊन जाईल. उद्या अकराला अमाया बॉइसीच्या चर्चच्या दारात नवरी होऊन उभी असेल. पोरीला बाप नाही. वेदीपर्यंत तिचा हात तिच्या या आजोबानं धरायचाय."

मैते त्यांना न्यायलाच आली होती. काका या दरीतलं लाकडी घर आणि धावपट्टी सांभाळत. गेला आठवडा ते खेचरं घेऊन वरच्या कुरणात होते. त्यांच्यामागं कुणीतरी इथं मुक्काम करून गेलं होतं. दरीत सपाट जागा तेवढीच, त्यामुळं तंबू नेमका पट्टीवर ठोकलेला.

ती वाकून चालत राहिली आणि एका ठिकाणी थांबली. तिथं गवत पिवळं पडलं होतं, चौकोनी. एका कडेला तिच्याच चाकाची काळी रेघ त्याला छेदून गेली होती. तिनं एकेक कोपरा बोटांनी चाचपला. पहिल्यात रिकामं भोक होतं, तिथली मेख तिच्या टायरनं उचलली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्यात मेखा होत्या, मातीत तिरप्या रुतलेल्या. त्या तिनं उपटून खिशात टाकल्या.

चौथ्या कोपऱ्यात नुसतंच भोक होतं. चाकाची रेघ त्याच्यावरूनही गेली होती.

काका घरातून नालांचे खिळे वेचायचं लोहचुंबक घेऊन आले आणि गवतावरून फिरवू लागले.

"ही ॲल्युमिनियमची आहे, काका. चुंबकाला ती चिकटायची नाही."

"मग ती त्या लोकांनीच नेली असेल. चारातली एक तरी नेतीलच की!"

"असेल. किंवा माझ्या चाकानं उडवली असेल. तसं असेल तर ती कुठंही पडलेली असू शकते."

"अगं, पट्टी केवढी, मेख केवढी!"

"माझ्या चाकाखाली आली तीही एवढीच होती."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लोर्ना तीस वर्षं इथं उतरतेय. तुझ्यासारखी कालची पोर नाही ती."

"म्हणून काय तिचे टायर लोखंडाचे आहेत? आणि तिच्या विमानात वैरण खच्चून भरलेली आहे. माझं काठावर थांबलं, तिचं थांबणार नाही."

नदीच्या खालच्या अंगानं घरघर ऐकू येऊ लागली. मैतेनं मान वर केली. नदीच्या वळणापर्यंत वैमानिकाला माघार घेता येत असे. वळण ओलांडलं की दोन्हीकडे कडे आणि समोर डोंगर, मग उतरण्यावाचून गत्यंतर नसे. रेडिओही वळण ओलांडल्यावरच ऐकू येई. वळणाआधी दिसायचं ते फक्त पट्टीचं अलीकडचं टोक.

"चादरी कुठं आहेत?"

"मैते."

"पांढऱ्या चादरी, काका. दोन. लवकर!"

"ती परत गेली तर पोरीचं लग्न हुकलं माझं!"

"पहाटे ती पुन्हा येऊन बघेल. चादरी काढलेल्या दिसल्या तर उतरेल."

"आणि पहाटे धुकं असलं तर?"

"तर नाही उतरणार."

ती घरात धावली आणि पलंगावरच्या चादरी ओढून घेऊन आली. पट्टीच्या वळणाकडच्या टोकाला तिनं एक आडवी टाकली. दुसरी तिच्यावर तिरकी टाकणार तोच वाऱ्यानं ती फुगली. चादर उडून विमानाच्या पंख्यात गेली तर मेखेपेक्षा वाईट. मैते तिच्यावर पालथी पडली.

"दगड द्या!"

काका जागचे हलले नाहीत. घरघर वाढली. मग त्यांनी एक शिवी हासडली. ती कुणाला होती ते त्यांनाच ठाऊक. नदीकाठचे धोंडे पोटाशी धरून ते धावत आले, एकेका टोकावर त्यांनी ते आपटले आणि पुन्हा धावले. गवतावर मोठी पांढरी फुली उमटली: उतरू नको.

विमान वळणावर आलं, अगदी खाली. क्षणभर ते तसंच पुढं सरकलं. मग त्याचा एक पंख नदीकडे कलला, आवाज चढला, आणि कड्याला जेमतेम अंतर ठेवून ते आल्या वाटेनं फिरलं. जाताना त्यानं पंख दोनदा हलवले.

आवाज विरला.

"आणि नसलीच तर?" काकांनी विचारलं. "ती चौथी मेख इथं नसलीच तर?"

"तर उद्या लोर्ना मला शिव्या घालेल."

"घालेलच. तिचं तोंड माहीत आहे मला."

"मलाही माहीत आहे. ते उद्याही ऐकायचंय मला, काका."

ती पट्टीच्या टोकाला गुडघे टेकून बसली आणि गवतात दोन्ही तळहात फिरवू लागली. काका वळणावरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि कण्हत तिच्या शेजारी गुडघे टेकले.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "नदीकडची बाजू माझी."