रविवारचं ट्युनिंग

दर रविवारी आमचे अहो पार्किंगमध्ये खुर्ची टाकतात, मांडीवर लॅपटॉप घेतात आणि मोटरसायकलला केबल जोडून इंजिनात पेट्रोल किती जावं ते ठरवतात. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं नाव काढलं की नाक मुरडतात. "त्याला काय कळतंय? नुसता पाना फिरवायचा. हे डोक्याचं काम आहे!"

डोक्याचं काम संपलं की गाडी खोकायला लागते आणि भर चौकात बंद पडते. ढकलत घरी आणतात, घाम पुसतात आणि मलाच समजावतात, "नवीन सेटिंग आहे. मुरायला एक दिवस लागतो."

सोमवारी हे ऑफिसच्या बसने जातात आणि गाडी मी कामावर नेते. संध्याकाळी हे चक्कर मारून येतात तेव्हा ती लोण्यासारखी पळत असते.

काल तर चप्पलही न काढता दारातूनच सुरू झाले, "बघितलंस? मुरलं की नाही सेटिंग? त्या मेकॅनिकला एकदा नेऊन दाखव ही गाडी!"



दर सोमवारी सकाळी दाखवते. यांचं सेटिंग पुसून कंपनीचं मूळ सेटिंग परत तोच तर टाकून देतो.